डागवाङ्मय

आपल्याकडे कादंबऱ्यांची परीक्षणे होतात, कवितासंग्रहांची होतात, क्वचित कवींचीही होतात. पण घराघरात कात्री हातात घेऊन जे वाङ्मय वाचले जाते, त्याच्याकडे मात्र एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. मी म्हणतो आहे ते 'हे करून पाहा' या मथळ्याखालचे वाङ्मय. दिनदर्शिकेच्या पाठीमागे, दिवाळी अंकात राशिभविष्य आणि पाककृती यांच्या मधल्या चौकटीत, पुरवणीच्या तळाशी जिथे जाहिरात मिळाली नाही तिथे, असे ते पसरलेले असते. आमच्या घरी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात या वाङ्मयाची कात्रणे साठलेली आहेत. त्यातला डागांचा विभाग विशेष समृद्ध आहे.

मी कॉमर्सचा माणूस. रस, ध्वनी, वक्रोक्ती यांच्याशी माझा संबंध आला नाही. पण या वाङ्मयाचा आस्वाद मी एका रविवारी सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत गुडघ्यांवर बसून घेतला आहे. एवढा वेळ गुडघे टेकून किती समीक्षक पुस्तक वाचतात ते त्यांनी सांगावे.

झाले असे. सौभाग्यवती बहिणीकडे नाशिकला गेली होती. टीव्हीवर क्रिकेट होते. कोपऱ्यावरून मिसळ आणली. आता ज्यांनी मिसळीचे पार्सल आणले आहे त्यांना पुढचे सांगायला नको, कारण कटाची पिशवी ज्या दोऱ्याने बांधतात त्याची गाठ आजवर कोणी बोटांनी सोडलेली नाही. मी दातांनी सोडली. आणि तो सबंध कट गालिच्यावर उतरला.

हा गालिचा साधा नाही. सासरे रेल्वेत होते. मिर्झापूरकडे बदली झाली तेव्हा त्यांनी तो तिथून आणला. बदामी जमीन, कडेला मरून वेलबुट्टी, सहा फूट बाय चार. लग्नात मुलीला दिला. ते जाऊन आता अकरा वर्षे झाली. एरवी तो डांबराच्या गोळ्यांसह माळ्यावर असतो आणि दिवाळीत चार दिवस खाली येतो. मी तो मॅचसाठी काढला होता, हा माझा पहिला गुन्हा.

मी कात्रणांचा डबा उघडला.

पहिले कात्रण म्हणत होते : 'तेलकट डागावर थोडे पीठ किंवा पावडर भुरभुरावी. तेल शोषले जाईल.' या वाङ्मयातला 'थोडे' हा शब्द अभ्यासण्याजोगा आहे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली, ती वाटी आणि चमच्याची मापे घेऊन. मराठी घरातला नवशिक्यातला नवशिका त्या मापांच्या आधाराने जेवू शकला. डागवाङ्मयात मात्र अजून 'थोडे'च चालले आहे. पावडर संपली होती, म्हणून मी थोडे बेसन घेतले. त्याने तेल शोषले, कट शोषला आणि पाच मिनिटांत गालिच्यावर पिठले झाले.

दुसरे कात्रण : 'हळदीचा डाग साबणाच्या पाण्याने घासावा.' पिठले खरवडून मी घासले. पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. नुसता लाल नव्हे, पंचनाम्यात लिहितात तसा लाल. घाबरून तिसरे कात्रण काढले. त्यात लिंबू होते. लिंबू पिळल्याबरोबर डाग पुन्हा पिवळा. पुन्हा जरा साबण लागला, पुन्हा लाल. अर्धा तास मी तो सिग्नल चालवत होतो. फक्त हिरवा लागत नव्हता.

कन्या क्लासहून आली. तिने दारातूनच सांगितले, "बाबा, हळद इंडिकेटर असते. साबणाच्या अल्कलीत लाल, ॲसिडमध्ये पिवळी. शाळेत नव्हता का केला हळदीचा कागद?" म्हणजे तासभर मी डाग काढत नव्हतो, दहावीचे प्रॅक्टिकल करत होतो. लेखकाने ही एक ओळ लिहिली असती तर काय बिघडले असते?

पण लेखक लिहिणार कसा? माझी शंका अशी आहे की या वाङ्मयाच्या लेखकाने डाग पाहिलेला नसतो. बरेचसे लेखन बाहेरून आलेले आणि घाईने मराठीत उतरवलेले असते. डब्यात एक कात्रण असेही निघाले : 'गालिच्यावर लाल वाइन सांडल्यास त्यावर ताबडतोब पांढरी वाइन ओतावी.' आमच्या आळीत हा प्रसंग आलाच, तर ओतणारा ती पांढरी गालिच्यावर ओतील असे मला वाटत नाही.

चौथे कात्रण खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचे. या जोडीवर सगळ्या लेखकांचे फार प्रेम. सोडा टाकला, व्हिनेगर ओतले, आणि काय तो फेस! काहीतरी घडते आहे असे समाधान देणारा याच्याइतका दुसरा उपाय नाही. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहा. एक अल्कली, दुसरे आम्ल. जमा आणि नावे. दोघांनी एकमेकांना मारले, वायू उडून गेला, खाली उरले किंचित खारे पाणी. ट्रायल बॅलन्स चोख जुळला आणि डाग होता तिथेच होता. निव्वळ फेसावर उभे असलेले वाङ्मय इतर प्रांतांतही आहे. पण त्यात मला पडायचे नाही.

आता पाचवे. 'हट्टी डागावर ब्लीचचे चार थेंब टाकावेत.' आणि अगदी शेवटी, बारीक टाइपात : 'आधी न दिसणाऱ्या भागावर प्रयोग करून पाहावा.' माझा या सगळ्या वाङ्मयावरचा मुख्य आक्षेप इथे आहे. जे वाक्य पहिले हवे ते शेवटी छापतात. बँकेत आम्ही कर्जाच्या अर्जावरच्या बारीक टाइपाबद्दल लोकांच्या शिव्या खातो, पण निदान सही करण्यापूर्वी तो टाइप समोर असतो. इथे माणूस ओतून झाल्यावर शेवटच्या ओळीवर येतो.

मी मात्र या खेपेला शहाणपणा केला. शेवटची ओळ आधी वाचली. गालिच्याच्या टोकाची झालर उलटी करून तिच्या एका गोंड्यावर ब्लीच लावले आणि दहा मिनिटे वाट पाहिली. गोंड्याला काही झाले नाही, उलट तो उजळला. मग निर्धास्तपणे डागाच्या कडेला एक थेंब टाकला.

झालर सुताची होती. वरची वीण लोकरीची.

हे मला नंतर कळले. थेंब पडला तिथली लोकर गडद पिवळी पडली, बुळबुळीत झाली, आणि फडक्याने टिपायला गेलो तर फडक्याबरोबर निघून आली. हरभऱ्याएवढी जागा उघडी पडली. आतला सुताचा ताणा दिसू लागला. "लोकर म्हणजे केसच ना, बाबा," कन्या म्हणाली. "प्रथिन असतं. ब्लीचमध्ये विरघळतं. आधी तुमच्या डोक्यावर करून पाहायचं." तिने माझ्या डोक्याकडे पाहिले आणि पुढे काही बोलली नाही.

सांगायचा मुद्दा हा की डब्यातल्या साऱ्या कात्रणांत डाग कशाचा, याची चौकशी आहे. गालिचा कशाचा, असे एकानेही विचारलेले नाही. आमचा डॉक्टरसुद्धा औषध लिहिण्यापूर्वी वय विचारतो.

मंगळवारी सौभाग्यवती आली. मी गालिचा गुंडाळून ठेवला होता, पण मुळात तो माळ्यावर नाही हे तिला चपला काढतानाच कळले. तिने तो उलगडला. डागाकडे पाहिले. मग त्या हरभऱ्याकडे. त्यावरून बोट फिरवले.

"अहो, हळद गेली असती हो," ती म्हणाली. "लोकर कुठून आणू?"

आरडाओरडा झाला असता तर मी पानभर लिहिले असते. तो झाला नाही.

तिने पांढरे पंचे घेतले, गार पाणी घेतले आणि डाग न घासता टिपायला सुरुवात केली. पंचा दाबायचा, उचलायचा, घडी बदलायची. मला एकदम आमच्या बँकेच्या जुन्या कपाटातला लाकडी टीपकागदाचा ठोकळा आठवला. लेजरवर शाई सांडली तर कोणी ती घासली असती का? बाजारातला कुठलाही कारकून हे जाणत होता, आणि मी कारकून असून ब्रश घेऊन बसलो! डाग नाहीसा होत नसतो. तो गालिच्याच्या खात्यातून पंच्याच्या खात्यात जातो.

नंतर तिने एका जुन्या चादरीला डागाच्या मापाचे भोक पाडले. गालिचा गच्चीत नेला, वर चादर अंथरली, चार कोपऱ्यांना चार विटा. ऊन फक्त डागावर. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही आणि गालिच्याचा विटू नये म्हणून चादर. पाच दिवस रोज दोन तास. शनिवारी डाग शोधावा लागला. हे तिला कोणी शिकवले म्हणून विचारले, तर म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? बाळाच्या दुपट्यांची हळद कशी जात होती?"

ही पद्धत मी एकाही अंकात छापलेली पाहिलेली नाही. ज्यांना येते त्या लिहीत नाहीत, आणि जे लिहितात त्यांच्या घरी कोणीतरी दुसरेच धुते.

हरभरा मात्र तसाच आहे. दिवाळीत गालिचा अंथरला की ती त्यावर पाट ठेवते. पाट त्या जागेवरून हलला, तर माझ्याकडे न बघता तो सरळ करते.

शेजारच्या वहिनी परवा डाग पाहायला, म्हणजे नसलेला डाग पाहायला आल्या होत्या. "कशानं गेला हो?" त्यांनी विचारले.

"गार पाणी आणि ऊन," मी म्हणालो.

"अय्या, नुसतं एवढंच?" त्यांचा चेहरा उतरला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लिंबू किती घेतलं होतं?"