मिशनरी कोणाला म्हणायचे?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून प्रस्थापित समीक्षा त्यांतल्या विनोदाचे आणि घरगुती भाषेचे कौतुक करीत आली आहे. मला मात्र त्यांत आधी पोटाचा प्रश्न दिसतो. धर्माच्या कामात देह झिजविणाऱ्याच्या मागे त्याच्या बायकामुलांना कोण सांभाळते?

अमेरिकन मराठी मिशनची मातृसंस्था बोस्टनची ‘अमेरिकन बोर्ड’. त्या देशातल्या दानशूर ख्रिस्ती माणसांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. तुर्कस्तानात नवरा गमावलेल्या एलायझा वॉकर यांनी 1868 साली बोस्टनजवळ ऑबर्नडेल येथे मिशनऱ्यांच्या मुलांना घर दिले. 1915 साली कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट येथे ‘पिलग्रिम प्लेस’ उभी राहिली. थकलेल्या मिशनऱ्यांना तेथे निवारा मिळाला. याला मी नावे ठेवीत नाही. ज्याने आयुष्य दिले त्याचे म्हातारपण पाहणे हा न्यायच आहे. प्रश्न आहे तो या न्यायाच्या वेशीचा.

रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी आपणहून सोडली; दोष सरळ मिशनवर टाकता येत नाही. 1919 साली ते वारले. लक्ष्मीबाईंना मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम धरावे लागले, पुढे कराची गाठावी लागली. गाजलेल्या कवीच्या, ब्राह्मण कुळातून आलेल्या विधवेची ही कथा! मग नगर जिल्ह्यातल्या महार-मांग उपदेशकाचे, शाळामास्तराचे, दारोदार फिरणाऱ्या बायबलबाईचे काय? खेड्यापाड्यांत मिशन उभे राहिले ते यांच्या पायांवर. पण ‘मिशनरी’ हा मान समुद्रापलीकडून आलेल्यांचा. हे मात्र ‘नेटिव्ह मदतनीस’. शब्दातच पंगत वेगळी मांडलेली!

पुढे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले, आणि तो आजही बाहेरच आहे. म्हणजे या मदतनिसाच्या नातवाला ना क्लेअरमाँटचा निवारा, ना अनुसूचित जातींची सवलत.

लक्ष्मीबाईंनी आपले भोगणे निर्भीडपणे लिहिले, हे त्यांचे मोठेपण मी मानतो. परंतु महारवाड्यातल्या उपदेशकाच्या बायकोची ‘स्मृतिचित्रे’ माझ्या वाचनात आलेली नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: आजा मिशनच्या कामातून सुटला, त्या महिन्यापासून चूल कशी पेटली? जे सांगतील ते तसेच उतरवून घ्या. ते गोड लागणार नाही. पण मराठी वाङ्मयाचा अर्धा राहिलेला हिशेब त्यानेच पुरा होईल.