फिर्याद आणि वादकारण

दरवर्षी 17 सप्टेंबर उजाडला की हैदराबादेतील आपल्या मंडळींत व्याख्यान ठरलेलेच. त्या दिवसाला कोणी मुक्तिदिन म्हणते, कोणी एकात्मतादिन; कथा मात्र एकच असते. वक्ता रझाकारांच्या अत्याचारांपासून आरंभ करतो आणि 1948 साली भारतीय सेना शहरात आली येथे समाप्ती करतो. ते अत्याचार खरे होते, याविषयी वाद नाही. परंतु ज्याचे निम्मे आयुष्य न्यायालयात गेले, अशा प्रस्तुत लेखकाला प्रत्येक वेळी एक शंका छळते: ही फिर्याद झाली, वादकारण कोठे आहे? फिर्यादीत पक्षकार आपल्या साऱ्या जखमा मांडतो. न्यायाधीश विचारतो ते इतकेच, की तुमचा कोणता हक्क, कोणी, केव्हा डावलला?

हा भेद अमेरिकेच्या उदाहरणावरून चटकन ध्यानी येतो. तेथील वसाहतींनी 1776 साली इंग्रजी सत्तेशी नाते तोडले. त्यांच्या जाहीरनाम्यात राजा तिसरा जॉर्ज याच्यावर आरोपांची लांबलचक माळ आहे. पण ज्या पार्लमेंटने कर बसवले, तिचे नावही त्यात नाही. खरे भांडण तिच्याशीच होते. 1765 चा स्टँप कायदा तिने वर्षभरात मागे घेतला. मात्र त्याच वेळी वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे ठणकावून ठेवले. 1773 च्या कायद्याने तर चहा स्वस्त होणार होता; पौंडामागे तीन पेन्स जकात तेवढी कायम होती. तरीही बोस्टनच्या बंदरात 342 पेट्या पाण्यात गेल्या. स्वस्त झालेला चहा समुद्रात टाकणारा मनुष्य केवळ पैशासाठी भांडत नसतो. ज्या सभेत आपला प्रतिनिधी नाही, तिला आपल्यावर कर बसवता येईल काय, हा त्याचा प्रश्न होता. 1775 च्या जुलैमध्येही वसाहतवाल्यांनी राजाला विनंतीअर्ज धाडला होता. राजाने तो स्वीकारला नाही.

हीच कसोटी निजामी राज्याला लावून पाहावी. मग वादकारण 1947 च्या पुष्कळ आधीचे ठरते. ‘गश्ती निशान 53’ या हुकमाने सभेला आगाऊ परवानगी आवश्यक केली होती. खाजगी शाळा काढण्यासही परवानगी लागे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले, हे त्याचे श्रेय नाकारू नये. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि संस्थानात उर्दू मातृभाषा असणारे जेमतेम आठात एक. 1937 साली परतूर येथे महाराष्ट्र परिषद भरली. त्या काळच्या चळवळीची मागणी आसफजाही गादीच्या छत्राखालील जबाबदार राज्यपद्धतीची होती. गादी उलथण्याची भाषा नव्हती. तरीही 1938 साली स्टेट काँग्रेस रीतसर जन्मण्याआधीच तिच्यावर बंदी आली. अर्ज करणाऱ्याचा हात धरला गेला, त्या दिवशी वादकारण पूर्ण झाले. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

या दृष्टीने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या 1967 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आठवणी आपल्या व्याख्यात्यांनी हाताशी ठेवाव्यात. त्या पुढाऱ्याच्या आठवणी आहेत, निःपक्ष इतिहास नव्हे, हे ध्यानात ठेवूनच त्या वाचाव्यात. पण त्यांच्या आयुष्याचा क्रमच बोलका आहे: आधी हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळा, मग परिषद, मग सत्याग्रह आणि तुरुंग. रझाकार या कथेत शेवटच्या प्रकरणात येतात. आपण तेथून आरंभ करतो.

कोणी म्हणेल, राजा मुसलमान आणि प्रजा हिंदू, एवढे कारण पुरेसे नाही काय? धर्माची बाजू होती. 1938-39 चा आर्यसमाजी सत्याग्रह धर्मस्वातंत्र्यासाठीच झाला. परंतु धर्म हेच वादकारण मानले, तर ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना कोठे बसवावे? विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची याच शहरात हत्या झाली. आणि पोलीस कारवाईनंतर संस्थानात जे मुसलमान मारले गेले, ज्यांची संख्या पंडित सुंदरलाल समितीने निदान 27 ते 40 हजार सांगितली, त्यांचे काय? लढा धर्माचा मानला, तर त्या हत्या विजयाचा भाग ठरतात. लढा हक्काचा मानला, तर तो आपल्या पक्षावरील डाग आहे, आणि तो उघडपणे कबूल करण्याचे धैर्य आपल्या सभांत असले पाहिजे. वादकारण नेमके सांगण्याचा आग्रह यासाठी आहे. त्यात वकिली कीस नाही.

अमेरिकेनेही सर्व मनुष्ये समान असल्याचे जाहीर केले आणि गुलाम ठेवले. दुसऱ्याला हसण्याआधी आपल्या घरातील एक गोष्ट आठवावी. नोव्हेंबर 1921 मध्ये मराठी मंडळींनी उभारलेल्या विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात, महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. एक तेलुगू वकील आपल्या भाषेत बोलू लागले, तेव्हा श्रोत्यांनी टवाळी करून त्यांना खाली बसवले. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मला. दरबाराने आपली भाषा डावलली म्हणून कळवळणाऱ्यांनी शेजाऱ्याची भाषा डावलली होती.

येत्या 17 सप्टेंबरच्या वक्त्याने हा प्रसंगही सांगावा. टाळ्या कमी पडतील. पण आपला दावा अधिक भक्कम होईल.