ती ताई कुठे गेली?

‘बालक-पालक’ म्हणजे आपला ‘बीपी’ मी पहिल्यांदा बारामतीच्या हॉस्टेलवर बघितला. चौघी जणी, एक मोबाइल, दार आतून लावलेलं. नावामुळेच आम्हाला वाटलं होतं, काहीतरी भलतंच असणार. निघाला साधा, गोड, पोट दुखेपर्यंत हसवणारा सिनेमा. रवी जाधवचा हा सिनेमा 4 जानेवारी 2013 ला लागला. मुळात ती अंबर हडप आणि गणेश पंडित यांची एकांकिका होती.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. चाळीतली एक मोठी मुलगी लग्नाआधी गरोदर राहते आणि चाळ सोडून जाते. मोठी माणसं कुजबुजतात. तिने नेमकं केलं काय, हे चार पोरांना कळत नाही. विचारलं की कुणी ओरडतं, कुणी विषय बदलतं. मग विशू नावाचा अवली (प्रथमेश परब, ‘टाइमपास’च्या आधीचा) त्यांना पिवळी पुस्तकं आणि व्हिडिओ कॅसेटपर्यंत नेतो. पुढचा गोंधळ बघण्यातच मजा आहे.

हा विनोद कुठून येतो, ते मला फार आवडतं. तो अंगविक्षेपातून नाही, आपल्या भाषेतून येतो. ‘शेण खाल्लं’, ‘तोंड काळं केलं’, ‘पाऊल घसरलं’... इतके शब्दप्रयोग आणि एकातूनही माहिती मिळत नाही! आमच्या दहावीच्या विज्ञानातला तो धडा सरांनी ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला होता. घरी कुणाला विचारणार? त्यामुळे त्या पोरांचे चेहरे बघताना आम्ही आम्हालाच हसत होतो. शेवटी किशोर कदमांचे कदमकाका पोरांशी बोलतात. ते भाषण थोडं लांबलंय, पण त्यांचा आवाज ते तारून नेतो.

दुसऱ्यांदा बघताना मात्र मी अडकले. ती ताई कुठे गेली? सगळा सिनेमा तिच्यामुळे सुरू होतो आणि तिच्याशिवाय पुढे जातो. पोरं शहाणी होतात, पालक शहाणे होतात. तिचं काय झालं? गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे, म्हणजे त्या चाळीच्या काळातही होता. पण सिनेमा तिकडे वळतच नाही.

‘जूनो’ (2007) बघा. तिथे सोळा वर्षांची गरोदर मुलगी स्वतःच गोष्ट सांगते. विनोदही तिचाच. बाप वैतागतो, पण तिला घरातून घालवत नाही. डायब्लो कोडीला त्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. अमेरिकेतलं सगळं आपल्याला लागू होत नाही, मान्य. पण गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकायची, हे तर आपल्या हातात असतं ना?

आमच्याकडे, इंदापूर तालुक्यात, ही गोष्ट वेगळीच घडते. नववीत माझ्याबरोबर एसटीने येणारी एक मुलगी दिवाळीनंतर यायची बंद झाली. पुढच्या वर्षी यात्रेत दिसली, कडेवर बाळ घेऊन. कुणीही कुजबुजलं नाही. उलट बायकांनी बाळाची दृष्ट काढली. गळ्यात मंगळसूत्र होतं ना! वय तेच, पोट तेच, फक्त शेण कुणी खाल्लं नव्हतं. भवानीनगरच्या रस्त्याला हंगामात ऊसतोडीच्या कोप्या पडतात. कोयता जोडीचा लागतो, म्हणून तिथेही लग्नं लवकर उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. यावर विनोदी सिनेमा कोण काढणार? काढायला हवा खरं तर. लग्नपत्रिकेतून जन्मतारीख लपवायची धडपड हा काय कमी विनोद आहे?

‘बीपी’ला मी तरीही वाईट म्हणणार नाही. त्याने कित्येक घरांत पहिल्यांदा तोंडं उघडली असतील. आमच्या हॉस्टेलवर तरी त्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही जे बोललो, ते आधी कधीच बोललो नव्हतो.

गेल्या मे महिन्यात मावसबहिणीला तो दाखवला. ती आठवीत आहे. ती सगळीकडे हसली, विशूवर तर फिदाच झाली. संपल्यावर मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, “ताई, त्या बाळाचं काय झालं गं?”

मी म्हटलं, “दाखवलं नाही.”

“मग परत लाव. आपल्याकडून सुटलं असेल.”