केंटची रेपर्टरी: ऐकून घेणारं पुस्तक

जेम्स टायलर केंट या अमेरिकन डॉक्टरची रेपर्टरी पहिल्यांदा आली १८९७ साली. आजही होमिओपॅथीच्या कितीतरी दवाखान्यांत टेबलावर हा १,४०० पानांचा ठोकळा असतो, नाहीतर त्याचं अ‍ॅप तरी. काम सोपं वाटतं: लक्षण शोधायचं, त्याच्यापुढे औषधांची यादी तयार.

वैद्यकीय संदर्भग्रंथ म्हणून बाजूला न ठेवता हे पुस्तक एकदा नुसतं वाचून पाहा. पहिलंच प्रकरण मनाचं आहे. त्यात भीती आहे अंधाराची, एकटं राहण्याची, चोरांची, गडगडाटाची. कुणी समजूत घातली की बरं वाटणाऱ्याला पल्सेटिला. समजूत घातली की ज्याचं आणखी बिनसतं त्याला नेट्रम म्यूर. भ्रमांच्या यादीत तर आपण काचेचे आहोत असं वाटणारा माणूसही भेटतो, त्याच्यासाठी थुजा. 'टेन्शन घेऊ नका' म्हणून दोन मिनिटांत बाहेर काढणाऱ्या ओपीडीची सवय झालेल्या माणसाला हे वाचून भरून येईल. इतक्या बारीकसारीक तक्रारींची कुणीतरी नोंद घेतली, हे केंटचं श्रेय नाकारता येणार नाही.

अडचण पुढे सुरू होते. मराठी पेशंट म्हणतो, "जिवाची तगमग होते." आता ही तगमग कुठे शोधायची? अस्वस्थपणात, चिंतेत की भीतीत? रेपर्टरीत ही तीन वेगळी सदरं आहेत आणि तिन्हींच्या याद्या वेगळ्या. डॉक्टर जे सदर उघडेल त्यावर औषध बदलणार. म्हणजे गणित सुरू होण्याआधीच एक भाषांतर झालेलं असतं, आणि ते तपासायला कुणी नसतं.

मग येतात गुण. ठळक अक्षरातल्या औषधाला ३, तिरप्याला २, साध्याला १. निवडलेल्या सगळ्या सदरांतले गुण मिळवायचे आणि सर्वांत वर येतील ती औषधं विचारात घ्यायची. अ‍ॅपवर हे तक्त्यात दिसतं तेव्हा फारच शास्त्रीय वाटतं. पण हे ३ आले कुठून? निरोगी माणसांना औषध देऊन त्यांना काय काय जाणवलं याच्या नोंदी, आणि त्यावर डॉक्टरांचे दवाखान्यातले अनुभव. औषध न देता काय झालं असतं, ही तुलना त्यात नाही. छापखान्यातला टाइप बदलला म्हणून पुराव्याचं वजन वाढत नाही.

शिवाय या रचनेत पुस्तक कधी चुकतच नाही. गुण आला नाही तर लक्षण नीट निवडलं नव्हतं, किंवा पोटेन्सी चुकली. पुन्हा केस घ्या. दोष नेहमी वाचणाऱ्याचा. जो ग्रंथ आपल्या चुकीची शक्यताच ठेवत नाही, त्यात नव्या नोंदींची भर पडते, पण जुनी खोडायची कशी हे ठरलेलं नसतं.

बाहेरून तपासणी झालीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास पाहून निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठल्याच आजाराबाबत नाही. ३०सी म्हणजे शंभरपट विरळ करणं, तेही ३० वेळा. इतक्यानंतर गोळीत मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळपास नसते.

सर्दीपुरतं हे चालून जातं, कारण सर्दी आपली आपणच जाते. पण दम्याचा पेशंट पंप बंद करतो, मधुमेही इन्सुलिन सोडतो, तेव्हा अंधाराची भीती किती ठळक अक्षरात छापली आहे याने काही फरक पडत नाही.

तरीही केंट वाचावा, आणि मोठ्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांनी तर जरूर वाचावा. रात्री किती वाजता जास्त होतं, कुठल्या कुशीवर झोपल्यावर बरं वाटतं, रडू कधी येतं, हे प्रश्न कुणीतरी विचारावेत म्हणूनच लोक त्या छोट्या पांढऱ्या गोळ्यांकडे जातात. प्रश्न केंटचे घ्या. उत्तरं मात्र तपासलेल्या औषधांत शोधा.