विक्रेत्याचे लेखन आणि वऱ्हाडचा वाचक

माल खपावा म्हणून वाचकाला आधी उपयुक्त माहिती द्यावी, ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील जॉन डियर या नांगर बनविणाऱ्या कारखान्याने 1895 साली 'द फरो' हे नियतकालिक काढले. फरो म्हणजे नांगराचे तास. महाराष्ट्रातील या जातीचा पहिला ठळक प्रयत्नही नांगराच्याच कारखान्यातून व्हावा, हा योगायोग लक्षणीय आहे. 1920 साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे लोखंडी नांगराला प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना, असे सांगितले जाते. असला संशय जाहिरातीच्या चार ओळींनी फिटत नाही. संशयी माणसाशी सावकाश, त्याला कळेल असे बोलावे लागते. 'खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि नांगराशी कर्तव्य नसलेल्या घरांतही वाचले गेले. अशा लेखनाची कसोटी यातच सापडते. लेखातून मालाचे नाव खोडून टाकले असता वाचकाच्या हाती काही उरते काय?

ही कसोटी आज अकोला-अमरावतीकडे लावून पाहण्याजोगी आहे. अकोल्यास 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे, 1976 साली स्थापन झालेल्या राज्य बियाणे महामंडळाचे मुख्य कार्यालयही तेथेच आहे. आणि कापूस, सोयाबीन व तूर यांवर उभ्या असलेल्या या मुलखात बियाणे, खते व कीटकनाशके विकणाऱ्यांची वाण नाही. त्यांचे माहितीपर लेख शेतकरी आता हातातल्या फोनवर वाचतो. परंतु त्यांतील मराठी बहुधा दुसऱ्याच रानातील असते. लेखात 'कुळवणी', 'कोळपणी', 'पाभर' येतात. वाचक वखरणी करतो, डवरणी करतो, तिफणीने पेरतो. त्याच्या वावरात पऱ्हाटी उभी असते, लेखात मात्र कपाशी. यांतील कोणताही शब्द अशुद्ध नाही, पण बांधापलीकडून कोणी बोलत आहे हे वाचकाला पहिल्याच परिच्छेदात कळते. यावर 'मले-तुले' पेरून नकली वऱ्हाडी लिहिणे हा उपाय नव्हे. ती हसविण्याची भाषा होते, आणि बीजप्रक्रियेसारख्या विषयात कोणाला हसावयाचे नसते. प्रत्यय प्रमाण मराठीचे राहोत; अवजारांची व कामांची नावे वाचकाची असावीत, एवढेच पुरे.

एका शब्दाच्या बाबतीत मात्र या लेखकांनी वाचकाची बोली तत्परतेने उचलली आहे. तो शब्द 'औषध'. शेतकरी कीटकनाशकाला औषध म्हणतो, म्हणून विक्रेताही तसेच लिहितो. सोय दोघांची आहे, परंतु लाभ एकाचाच. भाषेत अशी स्थित्यंतरे होतच असतात. फारसीत 'दारू' म्हणजे औषध, मराठीत ती प्यायची झाली व बंदुकीत भरावयाचीही झाली. येथे प्रवास उलट दिशेने झाला असून विषाला उपचाराचे नाव मिळाले आहे. वृत्तपत्रांत शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत 'विषारी औषध प्राशन करून' असे शब्द येतात. हा वदतोव्याघात आता कोणाच्या कानाला खटकतही नाही.

2017 सालच्या पावसाळ्यात याच वऱ्हाडातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसाहून अधिक माणसे दगावली. त्याची कारणे अनेक होती, आणि सारा दोष एका शब्दावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही ज्याला औषध म्हटले त्याच्यापासून नाक-तोंड झाकून घ्यावे, अंगावर उडाल्यास कपडे बदलावेत, ही गोष्ट मनात सहज उतरत नाही. डब्यावरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा व हिरवा रंग विषाची तीव्रता कायद्याने सांगतो. लेखात त्या त्रिकोणाला जागा मिळालीच तर ती अखेरच्या दोन ओळींत, मात्रा आणि उत्पन्नवाढ यांचे वर्णन आटोपल्यावर. तो पहिल्या ओळीत आला आणि तेथे 'विष' हाच शब्द योजला गेला, तर एखादा डबा कमी खपेल. पण पुढल्या हंगामात तोच लेखक काय म्हणतो हे पाहण्यास वाचक परत येईल. तणनाशकाचे प्रकरण तर याहून विचित्र आहे. 'औषध' हा शब्द 'ओषधि' म्हणजे वनस्पती यावरून आला, आणि 'तणाचे औषध' ज्याला म्हणतात ते वनस्पतीच मारते.