नकार दिला, पण अडवलं नाही

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर ईमेलच्या सर्व्हरवर बोलणार म्हटल्यावर काही जण निव्वळ गंमत बघायला आले असतील. हरकत नाही. मी प्रोग्रामर नव्हे. पण लिहिलेलं नीट वाचायचं हा माझा आयुष्यभराचा धंदा, आणि आज मी दोन मजकुरांचीच समीक्षा करणार आहे. एक मजकूर म्हणजे प्रोग्राममधल्या काही ओळी. दुसरा, त्या प्रोग्राममधल्या दोषाची अधिकृत नोंद.

प्रोग्रामचं नाव झिंब्रा. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या संस्था, कचेऱ्या तो वापरतात. त्यात एक सोय आहे. कुणाचीही सगळी टपालपेटी झिप फाइलमध्ये बांधायची आणि सर्व्हरवर नेऊन सोडायची. घर बदलताना आपण ट्रंक नेतो, तसं. हे काम अ‍ॅडमिनचं, इतरांना मनाई.

आता झिपच्या आत प्रत्येक फाइलबरोबर तिचा पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घातली, की त्याचा अर्थ होतो 'एक फोल्डर वर चढ'. असं चार-पाच वेळा लिहिलं, की ट्रंकेतली वस्तू ठरलेल्या खोलीत न पडता घरात भलतीकडेच जाऊन बसते. झिंब्रा हा पत्ता नीट तपासत नव्हतं. त्यामुळे टपालाच्या नावाखाली एक छोटासा प्रोग्राम वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवता यायचा. मग तो बाहेरून ब्राउझरमधून चालवला, की सर्व्हर तुमच्या ताब्यात.

मार्च २०२२ मध्ये कंपनीनं यावर दुरुस्ती काढली. दोषाला क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०२२-२७९२५, आणि गांभीर्याचे गुण दहापैकी ७.२. नऊच्या वर का नाहीत? तर नोंदीत अट होती, की हे करायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. वाचणाऱ्यानं मनात म्हटलं, ज्याच्याकडे किल्ल्या आहेतच, तो खिडकीतून कशाला येईल? बघू सावकाश.

आणि ऑगस्टमध्ये व्होलेक्सिटी या सुरक्षा-संस्थेचा अहवाल आला. जगभरात हजाराहून अधिक झिंब्रा सर्व्हरवर परके लोक आधीच येऊन बसले होते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड न चोरता.

हे कसं झालं, तिथे जरा थांबू. माझ्या दृष्टीनं सगळी मेख तिथे आहे.

प्रोग्राम विचारत होता बरं का, की तू अ‍ॅडमिन आहेस का? नसलास, तर तो नकाराचा निरोपही तयार करत होता. पण निरोप तयार केल्यावर 'इथून मागे फिर' ही आज्ञा लिहायची राहिली होती. प्रोग्रामरांच्या भाषेत 'रिटर्न'. एक शब्द! त्यामुळे यंत्र नकार नोंदवायचं आणि पुढची ओळ वाचायला घ्यायचं. पुढच्या ओळी होत्या झिप उघडण्याच्या. कल्पना करा, संध्याकाळी कसारा लोकल आलीय, आसनगावच्या पुलावर टीसी उभा आहे. तो म्हणतो, "तिकीट नाही? मग जाता येणार नाही." म्हणतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. पहिला खाली उतरून रिक्षात बसतो. टीसीच्या वहीत मात्र 'अडवला' अशी नोंद.

मीमांसकांना ही चूक लगेच कळली असती. त्यांच्या लेखी निषेध हा 'न' या अक्षरानं सिद्ध होत नाही. माणसाला त्या कृतीपासून परतवणं, निवर्तना, हे त्याचं काम. ते होत नसेल तर तो निषेध नव्हे, नुसती माहिती. आणि निवर्तन म्हणजे मागे वळणं. म्हणजे अक्षरशः 'रिटर्न'! ऑस्टिनची शब्दांनी कृती कशी होते यावरची व्याख्यानं १९६२ साली पुस्तकरूपानं आली. त्याचं म्हणणं असं, की काही वाक्यं वर्णन करत नाहीत, उच्चार हीच कृती असते. झिंब्राच्या ओळी लिहिणाऱ्याला वाटलं, नकार उच्चारला म्हणजे झाली कृती.

आता दुसऱ्या मजकुराकडे. माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे. गुण देणाऱ्यानं लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्याला दुसरा दोष ठाऊक नव्हता. पण 'अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात' हे विधान आलं कुठून? प्रोग्राम स्वतःबद्दल जे सांगत होता, त्यातून. दार बंद आहे हे दारानंच सांगितलं, आणि आपण ते गुणपत्रिकेत चढवलं. नंतर या दाराच्या दोषाला वेगळा क्रमांक मिळाला, ३७०४२, गुण ९.८. त्याची दुरुस्ती जुलैअखेर आली. पण मार्चची दुरुस्ती ज्यांनी वेळेवर बसवली त्यांचं पत्त्याचं भोक तेव्हाच बुजलं होतं. ७.२ वाचून जे थांबले, ते सापडले.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवत असेल. ऑगस्ट २०१८, ९४ कोटींवर रक्कम गेली. एटीएमचे प्रश्न बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत जाऊच दिले नाहीत, मधल्या खोट्या स्विचनंच 'द्या पैसे' म्हणून उत्तरं दिली. तिथे नाही म्हणणाऱ्याला कुणी विचारलंच नाही. इथे विचारलं, तो नाही म्हणाला, आणि काम पुढे चालू राहिलं. मला हे दुसरं जास्त भयंकर वाटतं, कारण तपासणीला आलेल्याला कागद चोख दिसतो.

मी एका कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. एका मुलाची हजेरी कमी, फॉर्मवर लाल शाईत 'अपात्र'. पण फॉर्म गठ्ठ्यातून बाहेर काढायचा राहिला. गठ्ठ्यावर सही माझी. वर 'तपासले' असं लिहिलेलं, मी आत पाहिलं नाही. पोरानं सगळे पेपर दिले आणि निकाल राखून ठेवला गेला. वर्ष गेलं त्याचं. बाप दोनदा येऊन केबिनबाहेर बसून गेला. लाल शाई तर होतीच, असं मी त्याला सांगितलं होतं. आजही ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

पाणी घेतो. आता प्रश्न विचारा. ज्यांना खर्डी-कसाऱ्याकडे जायचंय, त्यांनी आधी.