पटाचा दिवस, नाटकाची रात्र : झाडीपट्टीतील प्रेक्षकानुभवाची समीक्षा

प्रस्तावना

क्रीडेविषयीचे मराठी लेखन बहुतांशी खेळाडू, विक्रम आणि निकाल यांभोवती फिरते. नाट्यविषयक लेखन संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांभोवती. दोन्हीकडे प्रेक्षक गृहीत धरला जातो. त्याची संख्या सांगितली जाते, परंतु त्याच्या अनुभवाची चिकित्सा क्वचितच होते. विशेषतः ग्रामीण मैदानावरील प्रेक्षकाविषयी लिहिताना दोनच सूर ऐकू येतात. एक सूर गौरवाचा : परंपरा, लोकसंस्कृती, मातीचा गंध. दुसरा तुच्छतेचा : गोंगाट, शिट्ट्या, अभिरुचीचा अभाव. दोन्ही सूर प्रेक्षकाला दुरून पाहतात.

प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील शंकरपट आणि त्याच रात्री होणारे नाटक यांचा एकत्रित विचार केला आहे. भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांसह हा धानाचा प्रदेश ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. पटाचा दिवस आणि नाटकाची रात्र हे दोन स्वतंत्र कार्यक्रम नसून एकाच प्रेक्षकानुभवाचे दोन भाग आहेत, आणि त्या अनुभवाचे मूल्यमापन करण्यासाठी नागर क्रीडागार वा नाट्यगृह यांचे निकष अपुरे पडतात, अशी या लेखाची भूमिका आहे. मात्र निकष अपुरे आहेत म्हणून मूल्यमापनच टाळावे, असे येथे अभिप्रेत नाही.

१. मैदान आणि अंतर

फुटबॉलच्या जगात खालच्या श्रेणीच्या मैदानांविषयी एक आस्था आढळते. तिचे कारण खेळाचा दर्जा नव्हे. प्रेक्षक आणि खेळ यांतील अल्प अंतर हे आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तीत अंतिमतः ९७ प्रेक्षकांचे प्राण गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानुसार वरच्या श्रेणीतील मैदाने पूर्णतः आसनयुक्त करण्यात आली. खालच्या श्रेणीतील क्लबांना पुढे यातून सवलत मिळाली व तेथे उभे राहून सामना पाहण्याची रीत टिकून राहिली. सुरक्षितता वाढली हे निर्विवाद. तथापि प्रेक्षकाचे रूपांतर आसनक्रमांक असलेल्या ग्राहकात झाले, ही तक्रारही तेव्हापासून ऐकू येते.

महाराष्ट्रात या अनुभवाचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरचे होय. छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांत पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांसारखी तालीम मंडळे परस्परांशी भिडतात, तेव्हा गॅलरीतील माणूस एखाद्या संघाचा केवळ चाहता नसतो. तो त्या पेठेचा, त्या तालमीचा असतो. संघाचा पराभव त्याच्या गल्लीत शिरतो. या आपलेपणाला समर्थकांमधील संघर्षाची काळी किनारही आहे, हे विसरता येत नाही.

झाडीपट्टीतील पटाचे मैदान याहूनही कमी अंतराचे आहे. धान कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या बांध्या, धुरे सपाट करून आखलेली धावपट्टी आणि तिच्या दुतर्फा उभी असलेली माणसे एवढीच त्याची रचना. ही जागा वर्षातील उरलेले महिने कोणाचे तरी शेत असते. प्रेक्षकांपैकी अनेकांनी याच किंवा अशाच बांधीत काही महिन्यांपूर्वी रोवणी केलेली असते. म्हणजे येथे प्रेक्षक मैदानात ‘येत’ नाही; त्याच्या रोजच्या श्रमाची जागा एका दिवसापुरती मैदान होते. मैदान आणि जीवन यांमधील ही अभिन्नता लक्षात घेतल्याशिवाय पटाच्या गर्दीचे वर्तन समजत नाही.

२. क्षण आणि प्रतीक्षा

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो. पटाच्या जोडीची धाव काही सेकंदांत संपते. दिवसभरात अशा अनेक धावा होतात. तरीही प्रत्यक्ष शर्यतीचा एकूण वेळ मोजला तर तो दिवसाच्या मानाने अत्यल्प भरेल. मग प्रेक्षक दिवसभर काय पाहतो? तो जोड्या पाहतो. बैलाचा खांदा, खूर, चाल, डोळ्यातील तेज यांवर मते देतो. मागील गावच्या पटात कोणती जोडी कशी धावली, धुरकऱ्याने कोठे चूक केली, कासरा कोठे ढिला सोडला, याची उजळणी करतो. भोंग्यावरून जोडीमालकाचे व गावाचे नाव पुकारले जाते तेव्हा त्या गावाची माणसे सरसावतात.

यावरून असे दिसते की पटाचा आस्वाद हा मुख्यतः जाणकारीचा आस्वाद आहे. धाव हे त्या जाणकारीच्या पडताळणीचे निमित्त होय. ज्याला बैल कळत नाही त्याला पटात केवळ धूळ आणि आरडाओरडा दिसेल. ज्याला कळतो त्याला प्रत्येक धावेमागे एका घराची वर्षभराची मेहनत दिसते. बाहेरून आलेला निरीक्षक गर्दीला ‘बेभान’ म्हणतो, तेव्हा तो धावेचे काही सेकंद पाहत असतो. तिच्या आधीचे दीर्घ, शांत आणि चिकित्सक परीक्षण त्याच्या नजरेतून निसटलेले असते.

या प्रतीक्षेला सामाजिक आशयही आहे. पटाच्या निमित्ताने गावात घरोघरी पाहुणे येतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीच्या बोलण्यांना आरंभ होतो. दिवाळीनंतरच्या मंडईचेही स्वरूप असेच आहे. गाव या दिवशी एकाच वेळी प्रेक्षक आणि यजमान असते. क्रीडाप्रेक्षकाच्या प्रचलित कल्पनेत या यजमानपणाला स्थान नाही. झाडीपट्टीत मात्र तेच केंद्रस्थानी आहे.

३. रात्रीचा मंडप

दिवस मावळल्यावर हीच माणसे नाटकाच्या मंडपात जमतात. वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टीतील नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र. दिवाळीनंतर सुरू होणारा हंगाम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गावातील आयोजक मंडळ नाट्यसंस्थेशी प्रयोगाचा करार करते, तिकिटे विकते व नफ्या-तोट्याचा भार उचलते. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. दंडार, खडीगंमत यांसारख्या रात्र जागवणाऱ्या लोकाविष्कारांचा वारसा यामागे आहे. तसेच एक व्यावहारिक कारणही आहे. जंगलातून जाणाऱ्या वाटांनी मध्यरात्री परतणे सोयीचे नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही परिसरात वाघाचा वावर ही आजचीच वस्तुस्थिती आहे. नाटक उजाडेपर्यंत लांबते, कारण प्रेक्षकाला उजाडेपर्यंत थांबायचे असते. प्रयोगाची लांबी हा येथे केवळ कलात्मक निर्णय नसतो, हे ‘पाल्हाळ’ असा शेरा मारणाऱ्या समीक्षकाने ध्यानी घेतले पाहिजे.

मंडपातील रचनाही बोलकी आहे. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर बसलेला समुदाय. रंगमंचावर वरून टांगलेले ध्वनिक्षेपक आणि त्यांच्याखाली येऊन संवाद म्हणणारे नट. प्रत्यक्ष साथ करणारे वादक. नट ध्वनिक्षेपकाखाली येतो ही नागर दृष्टीला कृत्रिमता वाटते. परंतु शेवटच्या रांगेतील माणसाला शब्द ऐकू गेलाच पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. येथे वास्तवाभासापेक्षा ऐकू जाण्याला अधिक मान आहे.

‘वन्स मोअर’ची मागणी, खलनायकाला उद्देशून केलेली शेरेबाजी, करुण प्रसंगी उघड हुंदके ही या प्रेक्षकाची वैशिष्ट्ये पटाच्या मैदानाशी थेट जोडलेली आहेत. दिवसभर ज्याने जोडीविषयी मोठ्याने मत दिले, तो रात्री अंधारात मूकपणे बसावा ही अपेक्षाच अवाजवी आहे. दिवसाचे परीक्षण रात्री चालू राहते. फक्त परीक्षणाचा विषय बदलतो.

४. बंदीची वर्षे

या दोन भागांचे नाते तपासण्याची संधी न्यायालयीन निर्णयांनी दिली. केंद्र शासनाने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शन व करमणुकीसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींवर बंदी कायम केली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली; तथापि मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने संबंधित राज्यांचे कायदे वैध ठरवले.

या मधल्या काळात पटाचा दिवस अधिकृतपणे नाहीसा झाला, पण नाटकाची रात्र थांबली नाही. मंडई, जत्रा व अन्य निमित्तांनी प्रयोग होत राहिले. यावरून नाटक हे पटाचे केवळ शेपूट नव्हे, हे सिद्ध होते. २०२० च्या टाळेबंदीने मात्र दोन्हींना ग्रासले, कारण त्या वेळी निमित्त नव्हे तर एकत्र येणेच निषिद्ध ठरले होते. या दोन खंडांची तुलना केली असता झाडीपट्टीतील अनुभवाचा गाभा शर्यत वा संहिता यांपैकी कशातही नसून गावाच्या यजमानपणात आहे, असे म्हणावे लागेल.

५. प्रेक्षकत्वाच्या मर्यादा

असे असले तरी या अनुभवाचे उदात्तीकरण करून थांबता येणार नाही. पहिला प्रश्न बैलाचा आहे. फुटबॉलचा खेळाडू प्रेक्षकांचा आवाज ऐकतो आणि स्वेच्छेने खेळतो. बैलाला ती मोकळीक नाही. पटातील प्रेक्षकाचा आरडाओरडा ही निरुपद्रवी दाद नसते. ती धावेचे एक साधन असते. २०१४ च्या निर्णयाने प्राण्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांडला, आणि २०२१ नंतरची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची संमती व इजा करणाऱ्या साधनांवरील बंदी यांच्या अधीन आहे. ज्या प्रेक्षकाच्या जाणकारीचा गौरव वर केला, त्याच जाणकारीची येथे कसोटी आहे. बैलाची चाल ओळखणाऱ्याला त्याचे थकणेही ओळखता येते. हे दिसत असूनही जो गप्प राहतो, त्याची जाणकारी अपुरी आहे.

दुसरा प्रश्न स्त्रीचा आहे. दिवसाच्या मैदानावर पुरुषांचे प्राबल्य असते. रात्रीच्या मंडपात स्त्रिया मोठ्या संख्येने येतात. अनेकींसाठी ही सार्वजनिक ठिकाणी रात्र घालवण्याची दुर्मीळ संधी असते. परंतु त्याच मंडपात नृत्यांची मागणी वाढत जाते, कथानक मागे पडते आणि नर्तिकेला उद्देशून शेरे येतात. ‘वन्स मोअर’ कोण मागतो आणि कोणाला तो ऐकून घ्यावा लागतो, हे पाहिल्यास ‘सहभागी प्रेक्षक’ ही संकल्पना सर्वांना समान लागू होत नाही हे स्पष्ट होते.

तिसरा प्रश्न मान्यतेचा आहे. २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट या रंगभूमीवर आला. २०२३ मध्ये ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. हा गौरव सर्वथा उचित आहे. तरीही जे आयोजक मंडळ पदरमोड करून प्रयोग घडवते आणि जो प्रेक्षक थंडीत रात्रभर बसून ही रंगभूमी पोसतो, त्यांची दखल अभ्यासातही अभावानेच घेतली जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. झाडीपट्टीत खेळ व नाटक यांचा प्रेक्षक एकच असून त्याचा अनुभव दिवस-रात्र अखंड आहे. या अनुभवाचे मर्म खेळाशी असलेल्या अल्प अंतरात, जाणकारीत आणि यजमानपणात आहे. कोल्हापूरच्या गॅलरीत पेठेचा अभिमान जे कार्य करतो, ते येथे पाहुणचार करतो. आणि ज्या प्रेक्षकाला यजमानाचा मान आहे, त्याच्यावर यजमानाची जबाबदारीही येते. मैदानावर धावणारा बैल, रंगमंचावर नाचणारी स्त्री आणि मागच्या रांगेत बसलेली लेकुरवाळी हे तिघेही त्या दिवशी गावाचे पाहुणेच असतात. त्यांना कसे वागवले गेले, यावरूनच तो पट आणि ते नाटक ‘चांगले झाले’ की नाही हे ठरवावे लागेल. तिकीटविक्रीचा आकडा वा बक्षिसाची रक्कम यांच्या आधारे हा निर्णय करता येणार नाही.